जॉन स्मिथ, मु. पो. स्पेन

भाईंदर पश्चिमेहून उत्तनकडे जाणारी बस राई, मुर्धे, मोर्वे अशी गावं घेत, मिठागरांच्या कडेने चौकला पोचते. तिथून खाडीच्या बाजूला गेलं की धारावीचा किल्ला. किल्ला म्हणावं असं आता फारसं उरलेलं नाही. तटाचे तुकडे, चिमाजी अप्पांचं स्मारक आणि समोर वसईची खाडी. स्पेनला निघायच्या आधीच्या रविवारी मी तिथे जाऊन आले. लेक फोनवर म्हणाली, "आई, लोक युरोपला येण्याआधी थर्मल घेतात. तू किल्ले कसले बघतेस?" तिला म्हटलं, थर्मल तू घेऊन ठेव, मला आधी हे बघू दे.

मराठ्यांनी धारावी पक्की हाती घेतली ती १७३९ च्या मार्चमध्ये. मे महिन्यात वसई पडली. या मोहिमेचं श्रेय अप्पांना मिळतं आणि ते रास्तच आहे. मला मात्र त्यात अंजूरच्या नाईकांची गोष्ट ओढते. गंगाजी नाईक अंजूरकर आणि त्यांचे भाऊ काही पेशव्यांचे सरदार नव्हते, की पगारावर ठेवलेले शिपाई नव्हते. पोर्तुगिजांच्या अमलाखाली नांदणारं हे एक घर. त्या घरातली माणसं आपण होऊन पेशव्यांकडे गेली, गाऱ्हाणं घातलं, माणसं जमवली, वाटा दाखवल्या. 'साष्टीची बखर' त्याच घराण्यातली. मीरा-भाईंदर म्हणजे त्या साष्टीचंच उत्तरेकडचं टोक, त्यामुळे ही आमच्या दाराशी घडलेली हकिकत. पण बखर वाचताना माझं मन लढाईवरून घसरून घरावर जातं. एका घरातले भाऊ एकदम बाहेर पडले, की मागे राहिलेल्यांचं काय? शेत कोण कसत असेल? फितुरीचा वहीम आल्यावर पोर्तुगिजांचे शिपाई पहिल्यांदा कोणाच्या दारात उभे राहिले असतील?

माझी सगळी नोकरी टपाल खात्यात गेली, म्हणून असेल. सैनिक म्हटला की मला बंदूक दिसत नाही, पाकीट दिसतं. '५६ एपीओ' असा लष्करी टपालाचा पत्ता, वर नंबर, रँक, नाव. कारगिलच्या वेळी या पाकिटांकडे सॉर्टिंगला बसलेली माणसं दुसऱ्या नजरेने बघायची. आणि दर महिन्याची मनीऑर्डर. सातारा, कोल्हापूर, रत्नागिरीकडची किती घरं तिच्यावर उभी राहिली ते सांगायला अर्थशास्त्रज्ञ नको, बीटचा पोस्टमन पुरतो. साताऱ्याजवळच्या अपशिंगे मिलिटरी गावात पहिल्या महायुद्धात पडलेल्या ४६ जणांचं स्मारक आहे. त्या ४६ घरांचं दुःख कमी नव्हे. पण त्यांच्या बाबतीत एक गोष्ट पक्की होती. सरकारदरबारी नाव होतं, गाव होतं, वारस कोण हे लिहिलेलं होतं. तार कुठे करायची ते ठाऊक होतं.

मी ज्याच्या मागावर स्पेनला निघाले होते, त्याच्या बाबतीत यातलं काहीच नव्हतं.

गोपाळ मुकुंद हुद्दार. नागपुरात बाळाजी हुद्दार म्हणून ओळख. जन्म १९०२. १९२९ च्या नोव्हेंबरात नागपूरच्या बैठकीत डॉ. हेडगेवार सरसंघचालक ठरले, तेव्हाच हुद्दार राष्ट्रीय स्वयंसेवक संघाचे पहिले सरकार्यवाह झाले. १९३१ मध्ये बालाघाटला एक राजकीय दरोडा पडला. क्रांतिकार्याला पैसा उभा करायचा होता. त्यात ते पकडले गेले, शिक्षा झाली. १९३५ मध्ये सुटले, पुढे पत्रकारिता शिकायला लंडनला गेले. आणि १९३७ च्या उत्तरार्धात, लंडनहून घरी परतण्याऐवजी, दुसऱ्याच देशाच्या यादवी युद्धात शिपाई म्हणून दाखल झाले. लष्करातल्या सेनानींचं बंड फ्रँकोच्या नेतृत्वाखाली, त्याच्या पाठीशी हिटलर आणि मुसोलिनी. त्याविरुद्ध स्पेनचं निवडून आलेलं प्रजासत्ताक सरकार. हुद्दार प्रजासत्ताकाच्या बाजूने, आंतरराष्ट्रीय ब्रिगेडच्या ब्रिटिश बटालियनमध्ये. तिथे त्यांनी नाव लावलं जॉन स्मिथ.

संघाचा पहिला सरकार्यवाह कम्युनिस्टांच्या पलटणीत, या विरोधाभासाची चर्चा नागपूरकडे चवीने होते. होऊ द्या. माझा अडकला तो पाय त्या नावात. शिक्षा भोगून आलेल्या, ब्रिटिश पासपोर्टवर फिरणाऱ्या हिंदी माणसाला खरं नाव परवडणारं नव्हतं हे समजतं. ब्रिटिश सरकारने १८७० चा जुना कायदा उकरून काढून १९३७ च्या जानेवारीत स्पेनला लढायला जाणं गुन्हा ठरवलं होतं. पण टपालवाली म्हणून मला पुढचं दिसतं. 'जॉन स्मिथ' पडला, तर नागपूरच्या हुद्दारांकडे कोण कळवणार?

बार्सिलोनात लेक-जावयाचं बिऱ्हाड तिसऱ्या मजल्यावर आहे, लिफ्ट माणूस आडवा उभा राहील एवढी. खाली घरमालकीणबाई राहतात, ऐंशीच्या पुढच्या. माझ्या येण्याचं कारण लेकीने त्यांना सांगितलं, तेव्हा त्या आत गेल्या आणि एक फोटो घेऊन आल्या. गणवेशातला मुलगा, मिसरूडही नीट न फुटलेलं. त्यांचा काका. प्रजासत्ताकाने १९३८ च्या एप्रिलमध्ये सतरा-अठरा वर्षांच्या मुलांना बोलावलं. दुधाच्या बाटलीची तुकडी असंच लोक तिला म्हणत. हा त्यातला. त्यांचे दुसरे काका सारागोसाला कामाला होते, तो भाग पहिल्या दिवसापासून फ्रँकोकडे, म्हणून ते त्या बाजूच्या सैन्यात. भावाभावांत वैर नव्हतं. १९३६ च्या जुलैत कोण कुठल्या गावात झोपला होता, एवढ्यावर ठरलं. "आजी दोघांसाठी एकच मेणबत्ती लावायची," बाई म्हणाल्या. लेकीने भाषांतर केलं आणि थांबली. मी त्यांना विचारलं, पत्रं यायची का? धाकट्याची यायची. थोरल्याची नाही. मध्ये आघाडी होती ना.

यादवीतली ही अडचण परकी लढाई लढणाऱ्याला नसते. इथल्या बहुतेकांना बाजू निवडताच आली नाही, भरती झाली आणि गेले. सुमारे ३५ हजार परदेशी मात्र स्वतःहून आले, पन्नासहून अधिक देशांतून. ब्रिटन-आयर्लंडमधून सुमारे अडीच हजार, त्यातले पाचशेहून जास्त परतले नाहीत. फेलिशिया ब्राउन ही शिल्पकार बाई तर युद्ध सुरू झालं तेव्हा बार्सिलोनातच होती. ती सरळ स्थानिक सेनेत शिरली आणि १९३६ च्या ऑगस्टमध्येच मारली गेली. तेव्हा ब्रिगेड उभीही राहिली नव्हती. त्या पहिल्या महिन्यांत आलेल्यांना ना गणवेश धड मिळाला, ना कवायत. लंडनहून शनिवार-रविवारचं तिकीट काढून पॅरिसला जायचं, त्याला पासपोर्ट लागत नसे. तिथून दक्षिणेला, आणि सीमा बंद झाल्यावर रात्री पिरेनीज पर्वत पायी ओलांडायचा. घरी काय सांगून निघत होते? कितीतरी जण काहीच न सांगता निघाले. पत्र पोचलं तेव्हा मुलगा स्पेनमध्ये होता.

ब्रिटिश बटालियनचं ठरवलेलं नाव ऐकून मुंबईकराचे कान टवकारतात. शापूरजी सकलातवाला. मुंबईत जन्मलेले पारशी, टाटांचे नातलग, लंडनच्या बॅटरसीमधून निवडून आलेले कम्युनिस्ट खासदार. १९३६ च्या जानेवारीत ते वारले. बटालियनला त्यांचं नाव द्यायचं ठरलं, पण जिभेवर 'ब्रिटिश बटालियन'च राहिलं. १९३७ च्या फेब्रुवारीत हारामा नदीकाठी ती पहिल्यांदा लढाईत उतरली. सुमारे सहाशे माणसं गेली आणि तीन दिवसांत निम्म्याहून अधिक मेली, जखमी झाली किंवा हाती लागली. हुद्दार आले ते यानंतर. म्हणजे 'पोरसवदा उत्साह' वगैरे म्हणायची सोय नाही. तेव्हा ते पस्तिशीचे होते, तुरुंग पाहिलेले, आणि तिथे माणसं कशी मरतात ते लंडनच्या वर्तमानपत्रांत छापून येत होतं.

शनिवारी जावयाने गाडी काढली. बार्सिलोनापासून गांदेसा दोनशे किलोमीटरच्या आत. समुद्र सुटतो, एब्रो नदी लागते, मग तेरा आल्ता नावाचा उंचवटा. ऑलिव्ह, बदाम, द्राक्षं. द्राक्षवेलींना नुकते कोंब फुटलेले, माती तांबूस. बदामाच्या बागा सोडल्या तर आपल्या जतकडच्या माळाची आठवण व्हावी. गांदेसाच्या आधी कोर्बेरा लागतं. त्याचं जुनं गाव टेकडीवर आहे, १९३८ मधल्या एब्रोच्या लढाईत उद्ध्वस्त झालेलं, आणि ते मुद्दाम तसंच राखलेलं. चर्चला तेवढं अलीकडे पारदर्शक छप्पर घातलंय, त्यामुळे आत उभं राहिलं की डोक्यावर आभाळ दिसतं पण पाऊस लागत नाही. एका घराचा जिना वर जातो, वर मजलाच नाही. भिंतीत चुलीची जागा, धुराने काळी. लोक खाली नवं गाव वसवून राहिले.

हुद्दारांची गांदेसाची गोष्ट या मोठ्या लढाईच्या आधीची, १९३८ च्या एप्रिलच्या सुरुवातीची. फ्रँकोचं सैन्य आरागॉनमधून समुद्राकडे सरकत होतं. ३१ मार्चला कालासेइतेजवळ ब्रिटिश बटालियनच्या वाटेत रणगाडे आले. आपलेच असतील असं वाटेपर्यंत ते इटालियन निघाले. कितीतरी माणसं तिथेच पकडली गेली. उरलेल्यांनी गांदेसाजवळ रोखून धरायचा प्रयत्न केला आणि मग पांगापांग. त्या दिवसांत जॉन स्मिथ शत्रूच्या हाती सापडले. १५ एप्रिलला फ्रँकोचं सैन्य भूमध्य समुद्रावर पोचलं आणि प्रजासत्ताकाचे दोन तुकडे झाले.

गांदेसात त्या लढायांचं छोटं संग्रहालय आहे. शिरस्त्राणं, गोळ्यांच्या पुंगळ्या, गंजलेले डबे. मी काचेच्या एका पेटीशी खिळले. आत पत्रं होती. पेन्सिलीची, ओलीने पसरलेली, आणि त्यावर सेन्सॉरचे शिक्के. जावई म्हणाला, "आई, तोफ त्या बाजूला आहे." तोफ मी नंतर पाहिली.

ब्रिगेडच्या माणसाला पत्र लिहायचं तर पत्ता ठरलेला होता. सोकोरो रोखो, प्लासा देल आल्तोसानो, अल्बासेते. सोकोरो रोखो म्हणजे लाल मदत संघटना. अल्बासेते हे ब्रिगेडचं मुख्य ठाणं. माणूस कुठल्या आघाडीवर आहे ते पत्त्यावर येत नसे, सगळं टपाल आधी अल्बासेतेला आणि तिथून वाटप. आमच्या एपीओसारखीच ही व्यवस्था. फरक इतकाच, की तिच्यामागे सरकार नव्हतं, आणि पाकिटावर खोटं नाव असलं तरी चालत होतं. लढाईत टपाल पोचणं हे शिध्याइतकं गरजेचं असतं. ब्रिगेडच्या लोकांना ते कळलेलं होतं.

पगाराचं काय? स्पेनमध्ये दिवसाला काही पेसेता मिळत, त्यांना ब्रिटनमध्ये कोणी विचारत नसे. मागे राहिलेल्या बायका-मुलांसाठी १९३७ मध्ये लंडनला एक समिती उभी राहिली, ब्रिगेडच्या सैनिकांच्या आश्रितांना आणि जखमींना मदत करणारी. शार्लट हाल्डेन ही लेखिका तिची चिटणीस. तिचा स्वतःचा किशोरवयीन मुलगा आधीच स्पेनला लढायला गेलेला. तिचे तेव्हाचे पती, शास्त्रज्ञ जे. बी. एस. हाल्डेन. हेच पुढे भारतात येऊन राहिले आणि १९६४ मध्ये भुवनेश्वरला वारले. समितीने कामगार संघटनांकडून, सभांतून वर्गणी जमवली आणि घरोघर दर आठवड्याला पैसे पोचते केले. युद्धाच्या इतिहासात या बाईंना चार ओळी मिळतात. माझ्या हिशेबी त्यांना एक प्रकरण मिळायला हवं. घरचं भाडं भरलं जातंय हे कळल्यावर खंदकातल्या माणसाचा हात किती स्थिर होतो, ते सैनिकाच्या बायकोला विचारा. पण ही मदत लंडन, ग्लासगो, वेल्समधल्या घरांना. नागपूर त्या यादीत बसत नव्हतं.

बुर्गोसला मी एकटी गेले. लेक काळजीत, पण चर्चगेटहून विरार फास्ट पकडलेल्या बाईला स्पेनची आगगाडी काय घाबरवणार. स्टेशन गावापासून लांब आणि गार वारा. एप्रिलमध्येही लोक कोट घालून. बुर्गोस ही फ्रँकोची युद्धकाळातली राजधानी. १ ऑक्टोबर १९३६ ला तो इथेच सत्तेवर बसला आणि युद्ध संपल्याचं शेवटचं पत्रक १ एप्रिल १९३९ ला इथूनच निघालं. गाव देखणं आहे. आर्लांसोन नदीकाठी छाटलेली झाडं, फांद्या एकमेकींत गुंफलेल्या. जेवायला बुर्गोसचं भात घातलेलं काळं सॉसेज मिळतं, त्यातला मुख्य जिन्नस कळल्यावर मी ऑम्लेटवर भागवलं.

कॅथेड्रलमध्ये जमिनीवर एक साधा दगड आहे. त्याखाली एल सिद आणि त्याची बायको हिमेना. १९२१ पासून. एल सिद म्हणजे अकराव्या शतकातला योद्धा, स्पेनच्या शाळकरी मुलांना आपल्या तानाजी-बाजीप्रभूंइतका तोंडपाठ. राजाने हद्दपार केलं तेव्हा तो जवळ पैसा नसताना बाहेर पडला. काव्यातली कथा अशी, की त्याने दोन पेट्या वाळूने भरल्या, आत सोनं आहे असं भासवून सावकारांकडे गहाण टाकल्या आणि ६०० मार्क उचलले. त्यातली म्हणून सांगतात ती एक पेटी कॅथेड्रलच्या एका कक्षात भिंतीवर उंच टांगली आहे. पोस्टाच्या बचत खात्याच्या काउंटरवर बसलेल्या बाईने हा प्रकार शांतपणे बघणं कठीण. देवळात टांगलेला हा फसवणुकीचा पुरावाच की! पण त्या पैशाचं त्याने काय केलं ते ऐकलं आणि माझा राग निम्मा झाला. बायको आणि दोन लहान मुली त्याने गावाबाहेरच्या मठात ठेवल्या. मठाधिपतीला ५० मार्क दिले, आणि बायको-मुलींच्या खर्चासाठी १०० वेगळे. कमी पडले तर मठाने घालावेत, मी एकाचे चार करून फेडीन असा शब्द दिला. मग घोड्यावर बसला.

तो मठ म्हणजे सान पेद्रो दे कार्देन्या. बुर्गोसपासून दहा-एक किलोमीटर. मी तिथेच निघाले होते, कारण १९३८ च्या एप्रिलपासून फ्रँकोने पकडलेले परदेशी स्वयंसैनिक याच मठात कोंडले. त्यांच्यात जॉन स्मिथही होते.

टॅक्सीवाल्याला वाटलं मी सिदसाठी आले. रस्ताभर तो घोड्याबद्दल बोलत होता. बाबिएका, सिदचा घोडा, मठाच्या बाहेर पुरला म्हणे. तिथे खरोखरच त्याच्या नावाचा दगड आहे, १९४८ चा. मठाच्या दारावर सिद घोड्यावरून तलवार चालवतोय. आत त्याची आणि हिमेनाची जुनी कबर, दोघांच्या आडव्या मूर्ती, कबर रिकामी. १८०८ नंतर फ्रेंच सैनिकांनी ती फोडली. ट्रॅपिस्ट जोगी आता इथे राहतात, मद्य बनवतात, पर्यटकांना विकतात. मला फिरवणारे जोगीबुवा सत्तरीचे, कमी बोलणारे. कैद्यांबद्दल मी मोडक्या स्पॅनिशमध्ये विचारलं. त्यांनी एका मोठ्या दालनाकडे हात केला, वर बोट दाखवलं, आणि पुढे चालू लागले. तेव्हा जोगी इथे नव्हते, मठ लष्कराकडे होता, हेही त्यांनी सांगितलं. ते मला वाचून ठाऊक होतं, तरी त्यांनी सांगितलं हे बरं वाटलं.

या भिंतींत शेकडो माणसं. उवा, उपास, छडीचा मार, फ्रँकोच्या झेंड्याला सलामी घालण्याची सक्ती. कैद्यांनी त्यातही वर्ग सुरू केले, एकमेकांना भाषा शिकवल्या, हाताने लिहिलेलं वर्तमानपत्र काढलं. आणि मग आला अंतोनियो वायेहो-नाखेरा, फ्रँकोच्या लष्कराचा मानसोपचारतज्ज्ञ. माणूस मार्क्सवादी होतो तो बुद्धीने की रक्ताने, हे त्याला शोधायचं होतं. कैद्यांना मोजलं, तपासलं, प्रश्नावल्या भरून घेतल्या. प्रश्न कसले, तर आई-बाप कसे होते, घरचं वातावरण, धर्म, लैंगिक सवयी. आपण होऊन घर सोडून आलेल्या माणसांना घराबद्दल इतकं बारकाईने विचारणारा कोणी भेटला, तर तो हा. त्याला नातं नको होतं, विकृती हवी होती. मी ते दालन पाहून बाहेर आले आणि बराच वेळ ऊन शोधत बसले.

एक सांगते. हुद्दारांच्या धाडसाबद्दल मला आदर आहे. फॅसिझम पुढे सगळ्या जगाच्या दारात येणार हे तेव्हा ओळखणारी माणसं थोडी होती, आणि ओळखून बंदूक हातात घेणारी त्याहून थोडी. पण स्वेच्छेने लढाईला जाणारा माणूस एकट्याच्या सहीने जातो आणि तिची किंमत सही न केलेली माणसं भरतात. सिदने निदान मठाधिपतीच्या हातात पैसे ठेवले, तेही लबाडीचे. शार्लट हाल्डेनने वर्गणी गोळा केली. नाव बदलून गेलेल्याच्या घराला हे दोन्ही नाही. त्याच्या घरच्यांना हक्काने विचारायची जागासुद्धा राहत नाही. टपालाच्या भाषेत अशा पाकिटावर 'नॉट नोन' लिहून ते परत पाठवतात.

आपल्याकडे हुद्दारांच्या कैदेच्याच वर्षातलं दुसरं उदाहरण आहे आणि ते याहून ठळक. १ सप्टेंबर १९३८ ला मुंबईहून पाच डॉक्टरांचं पथक चीनला निघालं. पुढारी डॉ. अटल, ते स्पेनच्या आघाडीवर काम करून आले होते. सोबत सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस आणि नागपूरचे डॉ. चोळकर. कोटणीसांचे वडील वारले तेव्हा ते चीनमध्ये होते. परत आले नाहीत. पुढे १९४२ च्या डिसेंबरात ते स्वतःच तिथे गेले, मागे चिनी पत्नी आणि काही महिन्यांचा मुलगा. सोलापूरच्या घराला निदान पत्र लिहायला पत्ता होता, आणि मुलाच्या नावाने जगभर ओळखलं जाण्याचं सुख मिळालं.

हुद्दार सुटले १९३८ च्या शरदात, कैद्यांची अदलाबदल सुरू झाल्यावर. लंडनला नोव्हेंबरात हिंदी मंडळींनी त्यांचं स्वागत केलं, खऱ्या नावाने. वर्ष संपता संपता ते मायदेशी पोचले. नागपुरात आले ते वेगळे होऊन. सुभाषबाबूंचा निरोप घेऊन ते हेडगेवारांना भेटायला देवळालीला गेले, भेट फळाला आली नाही, आणि १९४० च्या सुमारास ते कम्युनिस्ट पक्षात गेले. त्या भेटीची हकिकत त्यांनी १९७९ मध्ये 'इलस्ट्रेटेड वीकली'त लिहिली. जुना परिवार म्हणजे संघ, नवा परिवार म्हणजे पक्ष. दोघांनीही त्यांना आपला थोर पुरुष म्हणून मिरवलं नाही. एकाला ते पुढे कम्युनिस्ट झाले म्हणून अडचणीचे, दुसऱ्याला आधी संघाचे होते म्हणून.

परतताना बुर्गोसच्या पोस्टात जाऊन मी भाईंदरच्या पत्त्यावर एक कार्ड टाकलं. काउंटरवरच्या पोरीने तिकीट चिकटवलं, शिक्का मारला. इथे खातं अजून पिवळ्या रंगाचं आणि वर मुकुट, तुतारीसारखं शिंग. कार्ड माझ्यानंतर पंधरवड्याने पोचलं, पिन कोडसकट अचूक.

घरमालकीणबाईंनी निघताना एक बातमी दिली. स्पेनने १९९६ मध्ये हयात असलेल्या ब्रिगेडवाल्यांना नागरिकत्व देऊ केलं होतं. तोवर बहुतेक जण गेलेले होते. २०२२ च्या लोकशाही स्मृती कायद्याने आता त्यांच्या वंशजांनाही ते मागता येतं, मात्र ब्रिगेडची आठवण जागती ठेवायचं काम त्यांनी सतत केलेलं असलं पाहिजे. म्हणजे ८४ वर्षांनी का होईना, घर मोजलं गेलं. जॉन स्मिथ नावाने नोंदलेल्या माणसाच्या घराला अर्ज करायचा झाला, तर आधी दोन नावं एका माणसाची होती हे कागदाने दाखवावं लागणार.

म्हणून नागपूर, वर्धा, मुंबई, कुठेही राहणाऱ्या वाचकांना विनंती. आजोबांच्या ट्रंकेत १९३६ ते १९३९ मधली स्पेनची किंवा लंडनची पाकिटं असतील, कुणा अनोळखी इंग्रजी नावाने आलेली असतील, तर रद्दीत घालू नका. तिकीटसंग्रहासाठी कोपरा कापून देऊ नका. पाकीट आणि पत्र एकत्र ठेवा, मागची बाजूही स्कॅन करा, कारण सेन्सॉरचा शिक्का आणि पाठवणाऱ्याचा पत्ता तिथेच असतो. लंडनला क्लार्कनवेलमध्ये मार्क्स मेमोरियल लायब्ररी आहे, ब्रिटिश ब्रिगेडवाल्यांचे कागद तिथे जपलेले आहेत. एक प्रत त्यांना पाठवा, मूळ घरातच राहू द्या.